५६ व्या वर्षी डिमेन्शिया: नवऱ्याला दिवसा कुठे आणि कोणाबरोबर गुंतवायचं?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. म्हणजे असं आहे की मिस्टर ५६ वर्षांचे, बँकेत अधिकारी होते, सव्वा वर्षापूर्वी अल्झायमरचं (विस्मरणाचा आजार, डिमेन्शियाचाच एक प्रकार) निदान झालं आणि नोकरी सुटली. तुम्ही ज्युनियर कॉलेजला शिकवता म्हणून साडेदहा ते पाच घराबाहेर, मुलगी बारावीला, मुलगा पुण्यात. ते दिवसभर प्रताप नगरच्या घरात टीव्हीसमोर बसतात, तुम्हाला पंधरा-वीस फोन करतात, आणि ज्येष्ठ नागरिक मंडळात दोनदा नेलं तर "मी काय म्हातारा झालो का" म्हणून उठून आले. आता नागपुरात अशा माणसाला दिवसा जायला काही आहे का, हे तुम्ही विचारून राहिल्या.

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे आजारपणातही माणसाला रोजची कामं जमावीत म्हणून मदत करणारी, नागपुरातच २३ वर्षं झाली, त्यातली अर्ध्याहून जास्त डिमेन्शियाच्या घरांसोबत गेली. तर आधी हे सांगते की नाव नोंदवलं, फी भरली, सकाळी सोडलं आणि संध्याकाळी आणलं असं साठीच्या आतल्यांसाठी तयार ठिकाण शोधण्यात महिने घालवू नका. डे-केअर म्हणून जे दिसतं ते बहुतेक ७५-८० च्या लोकांचा विचार करून मांडलेलं असतं, खुर्च्यांपासून भजनांपर्यंत. तुमच्या मिस्टरांना तिथे बसवलं तर ते पुन्हा उठून येणार, आणि खरं सांगू का, त्यांचं चुकत नाही बाप्पा. ६५ च्या आत सुरू होतो त्यालाच अर्ली-ऑनसेट म्हणतात, आणि १९०६ साली डॉ. अल्झायमर यांनी ज्या बाईची केस पहिल्यांदा मांडली ती दवाखान्यात आली तेव्हा ५१ वर्षांचीच होती. म्हणजे हा आजार ओळखला गेला तोच मुळी अशा वयाच्या माणसात, पण सोयी सगळ्या म्हाताऱ्यांच्या हिशोबानं होऊन बसल्या.

ही चूक मी स्वतः केलेली आहे म्हणून बोलते. सुरुवातीच्या वर्षांत मी नऊ जणांचा एक ग्रुप चालवायची, ५५ पासून ८० पर्यंत सगळे एकत्र, आणि टेबलावर रंग भरायला लहान मुलांची चित्रं ठेवली होती, ससा, छत्री वगैरे. एक प्राध्यापक होते त्यात, ५९ वर्षांचे. त्यांनी छत्री पाहिली, माझ्याकडे पाहिलं, खडू व्यवस्थित डबीत ठेवला आणि चप्पल घालून निघाले. पुन्हा आलेच नाहीत. त्यांना तारीख सांगता येत नव्हती पण अपमान बरोबर कळला होता. तेव्हापासून मी घरच्यांना एकच सांगते, जागा नंतर, आधी माणूस शोधा आणि त्या माणसाकडे करायला काम शोधा. करमणूक नको, काम. छोटं का असेना, पण ज्याची कोणाला तरी गरज आहे असं.

त्याआधी दोन-तीन गोष्टी पटकन तपासून घ्या. बी१२ आणि थायरॉइड झालंच असेल निदानाच्या वेळी, नसेल तर करा. कान तपासा, कारण ऐकू कमी येणारा माणूस चारचौघांत गप्प बसतो आणि आपण म्हणतो आजार वाढला. चष्म्याचा नंबर बघा. आणि सगळ्या गोळ्या एका पिशवीत भरून डॉक्टरांपुढे ओता, झोपेची गोळी, सर्दी-ॲलर्जीची गोळी, लघवी वारंवार होते म्हणून चालू असलेली गोळी, यातल्या काहींनी गोंधळ आणि झापड वाढते. मनानं बंद करू नका, विचारा. दुपारी १२ वाजता पेंगणाऱ्या माणसाला कुठलीच ॲक्टिव्हिटी लागू पडत नाही.

आता कामाचं. तुम्ही ओझरतं लिहिलंय की ते बँकेच्या स्पर्धांमध्ये कॅरम खेळायचे, दोनदा कप आणला. ताई, हे तुमच्या प्रश्नातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य आहे. अल्झायमरमध्ये काल काय जेवलो ते आधी जातं, पण हाताला लागलेली सवय, म्हणजे सायकल, तबला, पोळी लाटणं, स्ट्रायकरला टिचकी मारणं, ही खूप उशिरापर्यंत टिकते, कारण ती मेंदूत वेगळ्या ठिकाणी साठवलेली असते. कॅरममध्ये अडतं कुठे तर गुण मोजण्यात, आपली सोंगटी काळी की पांढरी हे लक्षात ठेवण्यात आणि आता पाळी कोणाची यात. मग तेवढंच काढून घ्यायचं. गुण दुसऱ्यानं मोजायचे, रंगाचा नियमच ठेवायचा नाही, जी पडेल ती आपली, आणि पाळी आली की समोरच्यानं स्ट्रायकर सरकवून द्यायचा, बोलायचं काहीच नाही. खेळ तोच, अडणारी पायरी तेवढी काढून टाकलेली. हेच पत्त्यांत, रमी जमत नाही तर बदाम सात, बदाम सातही जड गेलं तर नुसते पत्ते पिसून वाटायचं काम त्यांच्याकडे. वर्षानुवर्षं पत्ते पिसलेल्या माणसाचा हात बघा कसा चालतो.

कामाचं एक उदाहरण जरा सविस्तर सांगते, त्यातून अंदाज येईल. एक गृहस्थ होते ५८ चे, आयुष्यभर तांत्रिक काम केलेले, घरी बसून बायकोवर चिडायचे. त्यांच्या शाळेतल्या मित्राचं इतवारीत हार्डवेअरचं दुकान. मित्र म्हणाला, सकाळी १० ते १२ आणून सोडा माझ्याकडे. पहिले काही दिवस त्यानं नट-बोल्ट वेगळे करायला दिले, यांनी केले, छान. रात्री दुकान बंद करताना मित्र ते परत एकत्र करून ठेवायचा, दुसऱ्या दिवशी परत तेच. मला वाटलं चालेल. तिसऱ्या आठवड्यात यांनी डबा उघडला आणि म्हणाले, "हे मी काल केलं होतं ना रे?" मित्र ओशाळला. मला फोन आला, आणि मी ठरवलं की खोटं काम नको. मग दुकानात खरं काय लागतं ते विचारलं, तर वायसर (बोल्टखाली घालायच्या चकत्या) मोजून पुड्या बांधायच्या असतात, ५०-५० च्या. मोजणी काही त्यांना जमेना, २० च्या पुढे हरवायचे. शेवटी अंड्याचा ट्रे सुचला, ३० खळग्यांचा, प्रत्येक खळग्यात एक वायसर, ट्रे भरला की झाली पुडी, मोजायचंच नाही. आता दुकानदार पक्के माळकरी, अंड्याचा ट्रे दुकानात ठेवायला तयार होईनात! मग नवा कोरा प्लास्टिकचा आणला, आणि पुड्या ५० ऐवजी ३० च्या झाल्या, गिऱ्हाइकांनी काही तक्रार केली नाही. जवळपास दोन वर्षं ते रोज दुकानात गेले. येणाऱ्या-जाणाऱ्याला "या, बसा" म्हणायचे, चहा यायचा, क्रिकेटवर बोलणं व्हायचं. हेच त्यांचं सोशल लाइफ आणि त्याला नाव कोणी ॲक्टिव्हिटी दिलं नाही.

तुमच्याकडे असा मित्र कोण आहे ते शोधा. बँकेतले जुने सहकारी, चाळीतला मित्र, चुलतभाऊ, कोणीही, फक्त दोन गुण पाहिजेत, घाई नसावी आणि दुसऱ्याचं वाक्य पूर्ण करायची सवय नसावी. दुकान, नर्सरी, सोसायटीचं ऑफिस, मंदिराचा भोजन विभाग, वाचनालय, कुठलीही जागा चालेल. नर्सरीत पिशव्यांमध्ये माती भरणं, वाचनालयात मासिकांवर शिक्के मारणं, मंदिरात सांबार (कोथिंबीर) निवडणं. बँकेतल्या माणसाला शिक्का मारायचं काम देऊन बघाच, मी पाहिलंय, पाठ ताठ होते. पैशाचं, हिशोबाचं, पावत्यांचं काम मात्र देऊ नका, विशेषतः ते बँकेतले म्हणून लोक आपुलकीनं तेच देतील, आणि तिथेच चूक झाली की चारचौघांत मान खाली जाते.

लोकांना सांगायचं का? हो, सांगा. लपवून काही होत नाही, उलट लोक "पितात वाटतं" किंवा "डोक्यावर परिणाम झाला" असं ठरवून मोकळे होतात. सगळ्या कॉलनीला नको, पण ज्या चार-पाच जणांमध्ये ते जाणार त्यांना आधी एकटं भेटून सांगा: त्यांना अल्झायमर आहे, शब्द सापडायला वेळ लागतो, थांबा, पाच सेकंद मोजा, तेच परत विचारलं तर पहिल्यांदा विचारल्यासारखं उत्तर द्या. आणि एक गोष्ट हात जोडून सांगा. आपल्या नागपुरात माणूस भेटला की पाठीवर थाप मारून पहिलं वाक्य काय, "काय भाऊ, ओळखलं का मले?" विचारतात मायेनंच, पण या आजारात याच्यासारखा वाईट प्रश्न नाही. त्यापेक्षा समोरच्यानं स्वतःच म्हणावं, "मी अमका, आपण सदरच्या ब्रँचला सोबत होतो." संपलं, पुढच्या गप्पा आपोआप सुरू होतात.

आता मिस्टरांना कसं न्यायचं. "जायचं का?" असं विचारूच नका. उत्तर "नको" येणार, आणि तो आळस नाहीये, स्वतःहून उठून काही सुरू करण्याची चावीच या आजारात ढिली होते. "चला, यांच्याकडे चहा घेऊन येऊ" म्हणा आणि चप्पल समोर ठेवा. पहिले तीन-चार वेळा तुम्ही किंवा मुलगी सोबत बसा, नंतर अर्ध्या तासानं काहीतरी आणायचं निमित्त करून सरका. दिवस आणि वेळ ठरलेली ठेवा, मंगळवार-गुरुवार-शनिवार, १० ते साडेअकरा. दीड तास पुष्कळ झाला. दुपारी ४ नंतर बऱ्याच जणांची बेचैनी वाढते, त्या वेळी नवीन काही काढू नका. आणि माणसं चार-पाचच्या वर नकोत. दहा जण एकदम बोलायला लागले, वर माइक लागला, की त्यांना एकही वाक्य धरता येत नाही, मग चिडतात किंवा बंद पडतात. लग्नाच्या हॉलमधून का पळतात याचं कारण हेच.

उरलेल्या दिवसांसाठी सोबती ठेवा. अटेंडंट म्हणू नका आणि युनिफॉर्मवाला तर नकोच, ५६ वर्षांचा चालताफिरता माणूस त्याला दारातून परत पाठवेल. तरुण मुलगा बघा, समाजकार्याच्या किंवा फिजिओथेरपीच्या कॉलेजमधला, सकाळचे तीन तास पार्टटाइम. ओळख करून देताना "हा तुम्हाला सांभाळायला आलाय" अजिबात नाही, "याला बँकेच्या परीक्षेची तयारी करायची आहे, तुमच्याकडून जरा समजून घ्यायचंय" असं काहीतरी. हो, मघाशी मी खोटं काम नको म्हटलं आणि आता हे सांगते, मला माहीत आहे. म्हणून खरंच परीक्षा देणारा मुलगा शोधा, सापडतो. एका घरी सोबती मुलानं कर्जाचे जुने नियम ऐकत ऐकत सहा महिने काढले, ते नियम केव्हाच बदललेले, पण सांगणारा खूष होता आणि ऐकणाऱ्याला पगार होता.

सोबती असला की नागपूर शहर चांगलंच उपयोगी पडतं. सकाळी महाराजबाग, सावली आहे, एकच वाट धरून फिरता येतं. जनार्दनस्वामी योगाभ्यासी मंडळाचे योगवर्ग शहरात ठिकठिकाणी चालतात, तिथे समोरच्याचं बघून करायचं असतं, बोलायचं फार नसतं, म्हणून शब्द अडणाऱ्यांना ते झेपतं, शिक्षकांना आधी सांगून मागच्या ओळीत सतरंजी टाका. मेट्रो मला फार आवडते या कामासाठी. ११ च्या सुमाराला गर्दी ओसरते, गाडी थंडगार, लोकमान्य नगरकडे जाताना अंबाझरी तलाव दिसतो, सीताबर्डीला उतरून गाडी बदलायचा घोळ न करता त्याच लाइननं परत यायचं. एप्रिल-मेमध्ये ४४-४५ डिग्रीत तर हाच एक मार्ग उरतो, नाहीतर साडेसहाला बाहेर आणि साडेआठला कूलरपुढे. फुटाळा तलाव संध्याकाळी नको, गाड्या आणि गर्दी. रमण विज्ञान केंद्र तसं चांगलं, पण शाळेची सहल आलेली असेल तर उंबऱ्यावरूनच परत फिरा. अजबबंगला शांत असतो, १८६३ चं म्युझियम, बहुतेकांनी लहानपणी पाहिलेलं असतं, आणि लहानपणचं पाहिलेलं बोलतं करतं.

सणांना धरून ठेवा. तान्हा पोळ्याला गल्लीतल्या पोरांचे लाकडी बैल सजवायला बसवा, बेगड चिकटवणं येतंच. बायकांसाठी (पेशंट बायकाही असतात, त्यांच्यासाठी तर घराबाहेर आणखी कमी काही असतं) भुलाबाई म्हणजे सोनं. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत रोज गाणी, रोज त्याच ओळखीच्या चाली. एक ५७ च्या ताई होत्या, नवऱ्याचं नाव अडखळत घ्यायच्या पण भुलाबाईची गाणी एकामागून एक, कडव्यासकट, आणि बंद डब्यातला खाऊ ओळखायची वेळ आली की नातींच्या आधी "खोबऱ्याच्या वड्या!" म्हणून ओरडायच्या. तो डबा नुसता हलवून ओळखायचा असतो, चुकलं तरी सगळ्यांचंच चुकतं, म्हणून कोणी वेगळं पडत नाही.

तुम्हाला काही पद्धतशीर पाहिजे असेल तर कॉग्निटिव्ह स्टिम्युलेशन थेरपी नावाचा प्रकार आहे, म्हणजे गप्पा-खेळांतून डोक्याला चालना देणं, छोट्या ग्रुपमध्ये आठवड्यातून दोनदा, सात आठवडे, अशी १४ सत्रं, प्रत्येक पाऊण तासाचं, सौम्य ते मध्यम डिमेन्शियासाठी. भारतातही ती वापरतात. तुमच्या न्यूरोलॉजिस्टकडे विचारा कोणी घेतं का. आणि नेदरलँड्समध्ये १९९७ साली अल्झायमर कॅफे सुरू झाला, म्हणजे पेशंट आणि घरचे महिन्यातून एकदा एकत्र बसतात, चहा घेतात, कोणी कोणाची परीक्षा घेत नाही. त्याला काय लागतं? न्यूरोलॉजिस्टच्या वेटिंग रूममध्ये तुमच्यासारख्या आणखी दोन जणी सापडतील. रविवारी सकाळी तीन जोडपी, एका घराची गच्ची आणि तर्री पोहे. मी अशी दोन टोळकी जुळवून दिली, त्यातलं एक मोडलं, कारण एका घरच्यांनी प्रत्येक वेळी "आज काय वार आहे सांगा बरं" सुरू केलं.

एक इशारा, तुमच्यासाठी नाही पण हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी. साठीच्या आत अल्झायमरशिवाय फ्रंटोटेम्पोरल प्रकारही बऱ्यापैकी दिसतो, त्यात स्मरण ठीक पण वागणं बदलतं, भीड जाते, गोड किती खावं कळत नाही, कोणालाही काहीही बोलतात. अशा माणसाला दुकानात, मंदिरात किंवा बायकांच्या ग्रुपमध्ये बसवलं तर भांडण ओढवून घ्याल. त्यांना रोज तोच रस्ता, तेच लांब चालणं, सोबत एक खंबीर माणूस, आणि फोनवरचं यूपीआय बंद, निदान मोठ्या खात्यापासून तोडलेलं. आणि ज्यांना नजर शाबूत असून वस्तू ओळखता येत नाही, खुर्चीवर बसताना अंदाज चुकतो, त्यांना कॅरम, पत्ते छळ वाटतील, तिथे गाणी आणि गप्पा. म्हणून निदानाच्या कागदावर नेमकं काय लिहिलंय ते विचारून घ्या, नुसतं डिमेन्शिया म्हणून थांबू नका. आणि ज्यांची नोकरी अजून चालू आहे त्यांनी राजीनामा घाईत लिहू नका, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम २० आधी वकिलाला दाखवा, सरकारी आस्थापनेत नोकरीत असताना अपंगत्व आलं तर नुसतं काढून टाकता येत नाही. एका घरी हे मला उशिरा कळलं, राजीनामा मंजूर होऊन गेला होता.

खिशात कार्ड ठेवा, नाव, तुमचा नंबर, "मला विस्मरणाचा आजार आहे, कृपया फोन करा." फोनचं लोकेशन तुमच्याकडे आणि मुलीकडे चालू. गाडीची किल्ली हा वेगळा विषय आहे, पण काढून घ्या.

त्या पंधरा-वीस फोनांबद्दल. ते तुम्हाला त्रास द्यायला करत नाहीत, तुम्ही कुठे आहात हे दर वीस मिनिटांनी पुसलं जातं. टीव्हीच्या शेजारी पांढरा बोर्ड लावा, मोठ्या अक्षरात, "मी कॉलेजमध्ये आहे. साडेपाचला येते. जेवण टेबलावर." रोज तुमच्या हातानं लिहा, छापील नको, तुमचं अक्षर ते ओळखतात. फोन शून्यावर येणार नाहीत, सहा-सातवर आले तरी तुमचा तास नीट होईल. आणि तुम्ही स्वतः रात्री कोणाशी बोलता? टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर २४ तास चालतो, फुकट आहे, मराठीत बोलतात, तो फक्त पेशंटसाठी नाही. बारावीच्या मुलीला बाबांची ड्यूटी रोज लावू नका, आठवड्यात एक संध्याकाळ बस, आणि त्यातही तिनं त्यांच्याबरोबर काही करावं, लक्ष ठेवायला म्हणून बसू नये.

तर या रविवारी माळ्यावरचा कॅरम बोर्ड खाली काढा. ओल लागून फुगला असेल तर कडेला हात फिरवून बघा, बोर्ड वाकला असेल तर दुसरा आणा, वाकड्या बोर्डावर जुन्या खेळाडूचा नेम चुकतो आणि तो स्वतःला दोष देतो. पावडर नवी. स्ट्रायकर मात्र त्यांचा जुनाच शोधा, हाताला वजन ओळखीचं लागतं. बँकेतल्या ज्या एकाबरोबर ते डबल्स खेळायचे त्याला फोन लावा, वर लिहिलंय तेवढं सांगा, आणि शनिवारी १० ला बोलवा, एकट्यालाच. तुम्ही स्वयंपाकघरातच थांबा, चहा नेऊन ठेवा आणि लगेच आत या.